हुमणीची बुरशी शोधणारा माणूस आणि आपल्या रक्तातली फौज

वळवाचा पाऊस पडून गेला की कडुनिंबावर, बाभळीवर संध्याकाळी भुंगेरे घोंगावायला लागतात. आपल्याकडच्या ऊसवाल्याला तेव्हाच कळतं की यंदा हुमणी आहे. मग कृषी सेवा केंद्रावर मेटारायझियमची चौकशी सुरू होते. बुरशीची पुडी आणायची, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायची, ओल असताना सरीत टाकायची. हे आता बऱ्याच जणांना पाठ झालं आहे. मीही दोन वर्षं वापरतोय.

पण किडीला बुरशीने मारायचं हे पद्धतशीर करून बघणारा पहिल्या काही जणांतला एक माणूस कोण, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. त्यांचं नाव इल्या मेचनिकॉफ. आणि गंमत अशी की जगात त्यांचं नाव हुमणीमुळे नाही, तर आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमुळे झालं. आपल्याला काटा लागला, ताप आला, जखम झाली की शरीर आतून कसं लढतं, हे या माणसाने पहिल्यांदा नीट उलगडून दाखवलं. १५ जुलैला त्यांची पुण्यतिथी असते. त्यानिमित्त ही त्यांची गोष्ट.

स्टेपीच्या मुलखातलं पोरगं

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ सालचा. गाव खारकॉव्हजवळचं. आज तो भाग युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियाच्या झारचं राज्य होतं. वडील सैन्यातले अधिकारी, गावाकडे थोडी जमीनजुमला. पाच भावंडांत इल्या धाकटे. पोरगं इतकं चुळबुळं की घरचे त्याला पारा म्हणायचे. झाडं, किडे, पाण्यातले जीव बघायचं वेड लहानपणापासूनचं. शिकलेलं दुसऱ्या पोरांना सांगायची इतकी हौस, की ऐकायला बसावं म्हणून पदरचे पैसे द्यायचं.

खारकॉव्हच्या विद्यापीठात चार वर्षांचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत उरकला. १८६४ साली, एकोणिसाव्या वर्षी ते पदवीधर झाले. पुढे जर्मनीत आणि इटलीत जाऊन समुद्रातल्या लहानसहान जिवांचा अभ्यास केला. १८६५ मध्ये जर्मनीत गीसेन इथे एका चपट्या किड्याकडे सूक्ष्मदर्शकातून बघताना त्यांना एक गोष्ट दिसली. त्या किड्याच्या अंगातल्या पेशी स्वतःच अन्नाचे कण गिळून आतल्या आत पचवत होत्या. तेव्हा त्यांनी ते टिपून ठेवलं. त्याचा खरा उपयोग सतरा वर्षांनी व्हायचा होता.

बाविसाव्या वर्षी ते ओडेसाच्या विद्यापीठात शिकवायला लागले. वर्गातली काही पोरं मास्तरांपेक्षा वयाने मोठी होती.

दोनदा मरायला निघालेला माणूस

१८६९ मध्ये ल्युडमिला नावाच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. तिला क्षय होता. इतकी अशक्त, की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून उचलून चर्चमध्ये न्यावं लागलं. त्या काळी क्षयाला औषध नव्हतं. उबदार हवेच्या ठिकाणी न्यायचं, एवढाच उपाय. मेचनिकॉफ यांनी पैशासाठी जादा कामं केली, भाषांतरं केली, बायकोला गाव बदलून बदलून ठेवलं. १८७३ मध्ये मदेरा बेटावर ती गेली.

ते पार खचले. डोळे आधीच अधू, सूक्ष्मदर्शकावर काम होईना. त्यांनी मॉर्फिन घेतलं. डोस इतका जास्त झाला की उलटी होऊन सगळं बाहेर पडलं आणि ते वाचले. त्याच दिवसांत एका रात्री पुलावरच्या दिव्याभोवती त्यांना किडे घिरट्या घालताना दिसले. एवढ्या थोडक्या आयुष्याचे हे जीव, यांना निसर्गाची निवड कशी लागू होत असेल, असा विचार डोक्यात आला आणि माणूस परत कामाला लागला. दिव्यावरच्या किड्यांनी माणूस वाचवला म्हणायला हरकत नाही.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गाशी दुसरं लग्न केलं. १८८० मध्ये ओल्गाला विषमज्वर झाला, ती मरता मरता वाचली. पुढच्या वर्षी, १८८१ मध्ये झारची हत्या झाली, विद्यापीठात दडपशाही आणि भांडणं सुरू झाली. त्या निराशेत मेचनिकॉफ यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. मेलो तर मेलो, नाहीतर हा रोग रक्तातून पसरतो का ते तरी कळेल, असा हिशोब. आजारी पडले, फार आजारी पडले, पण उठले.

हे मी मुद्दाम लिहितोय. आपल्या भागात शेतकऱ्याने जीव दिल्याच्या बातम्या मीच किती वेळा पाठवल्या आहेत. दोन वेळा जगायचं नाही असं ठरवलेला हा माणूस पुढे पस्तीस वर्षं जगला, आणि त्याचं सगळ्यात मोठं काम त्या दोन्ही वेळांनंतर झालं. ते दिवस जातात. तोवर घरच्यांनी माणसाला एकटं सोडू नये.

गव्हावरचा भुंगेरा

या दोन संकटांच्या मधली गोष्ट म्हणजे आपली बुरशी. ओडेसाच्या आसपास गव्हाचा मोठा पट्टा. तिथे एक भुंगेरा ओंब्या खायचा, त्याची अळी जमिनीत राहायची. तो आपल्या हुमणीच्याच गोतावळ्यातला. मेचनिकॉफ यांना शेतात काही मेलेल्या अळ्या सापडल्या, अंगावर हिरवी भुकटी साचलेली. ती बुरशी होती. १८७९ मध्ये त्यांनी तिची माहिती प्रसिद्ध केली. ही बुरशी वाढवून शेतात सोडली तर कीड आटोक्यात येईल, असं त्यांनी मांडलं. दारूच्या भट्टीतल्या चोथ्यावर ती वाढवूनही बघितली. साखरेच्या बीटवरच्या सोंड्यालाही ती मारते, हेही बघितलं. पुढे १८८४ मध्ये कीव्हजवळ स्मेला इथे त्यांच्याच पद्धतीने बुरशी मोठ्या प्रमाणावर तयार करण्यात आली. तीच ही आजची मेटारायझियम.

बुरशी काम कसं करते? तिचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, तिथे रुजतो, कातडी फोडून आत घुसतो आणि आत पसरतो. अळी मेली की तिच्यावर हिरवी पूड येते. म्हणून तर ओल लागते. कोरड्यात टाकली की पैसे पाण्यात.

आता प्रश्न असा, की घुसणारा आत घुसला तर ज्याच्या अंगात घुसला तो गप्प बसतो का? याचं उत्तर मेचनिकॉफ यांना समुद्रकाठी मिळालं.

मेसिनाची ती सकाळ

१८८२ मध्ये त्यांनी विद्यापीठाची नोकरी सोडली. सासू-सासरे वारले होते, सासरच्या जमिनीचं उत्पन्न होतं आणि ओल्गाची लहान भावंडं यांच्याच पदरात होती. सगळा कबिला घेऊन ते इटलीत सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहायला गेले.

एक दिवस घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली. हे एकटेच घरी. सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाचं पिल्लू होतं. हे पिल्लू काचेसारखं आरपार असतं, आतलं सगळं दिसतं. आत काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. त्यांना सतरा वर्षांपूर्वीचा चपटा किडा आठवला असणार. या फिरत्या पेशी अन्न गिळतात, तर मग बाहेरून आलेला शत्रूही गिळत असतील का? तसं असेल, तर पिल्लाच्या अंगात काटा टोचला की या पेशी त्याच्याभोवती जमायला हव्यात.

ते अंगणात गेले, गुलाबाच्या रोपाचे बारीक काटे काढले आणि पिल्लांच्या अंगात टोचले. रात्रभर झोप आली नाही. पहाटे उठून बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला.

आपल्या पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी तिथे काय होतं? लाल होतं, सुजतं, गरम लागतं, ठणकतं, मग पू धरतो. तोवरचे डॉक्टर समजत की सूज हाच रोग. पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसायचे, पण लोकांना वाटायचं की या पेशी जंतूंना अंगभर फिरवून रोग पसरवतात. मेचनिकॉफ यांनी हे सगळं उलटं केलं. सूज म्हणजे शरीराची लढाई, आणि पांढऱ्या पेशी म्हणजे जंतूंची वाहनं नव्हेत, तर त्यांना खाणारे राखणदार, असं ते सांगू लागले. तारामाशाला तर रक्तवाहिन्याही नसतात, तरी पेशी काट्याकडे धावल्या. म्हणजे ही व्यवस्था माणसाच्याही फार आधीपासूनची.

१८८३ मध्ये व्हिएन्नाच्या क्लाउस नावाच्या प्राध्यापकांनी या पेशींना ग्रीक भाषेतून फॅगोसाइट हे नाव सुचवलं. आपल्या भाषेत भक्षक पेशी.

पुढच्या वर्षी त्यांनी पाणपिसूवर काम केलं. डबक्यातला हा बारीक जीवही आरपार दिसतो. त्याला एक बुरशी लागते, तिचे बीजाणू सुईसारखे टोकदार. पाण्याबरोबर ते पोटात जातात आणि आतड्याची भिंत भोसकून बाहेर येतात. तिथे रक्तातल्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगते, बुरशी वाढली तर मरते. ज्या माणसाने बुरशीला शेतकऱ्याच्या बाजूने उभं केलं, त्यानेच बुरशीविरुद्धची लढाईही डोळ्यांनी बघितली.

हजारो मेंढ्या

१८८६ मध्ये ओडेसात जंतुशास्त्राचं केंद्र निघालं आणि मेचनिकॉफ त्याचे प्रमुख झाले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची पाश्चर यांची लस तिथे द्यायची होती. पण ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यामुळे गावातले डॉक्टर नाराज. त्यात १८८८ मध्ये मोठा घात झाला. केंद्राने काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सवरची लस मेंढ्यांना टोचायला दिली आणि हजारो मेंढ्या मेल्या. मेचनिकॉफ तेव्हा सुट्टीवर होते, टोचणारे हात त्यांचे नव्हते, पण केंद्र त्यांचं होतं.

ज्याच्या दावणीचं एक जनावर मेलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. ज्यांची खांडंच्या खांडं गेली, त्यांनी लसीवर पुन्हा कधी भरवसा ठेवला असेल? विज्ञानाच्या गोष्टी सांगताना लोक असे प्रसंग गाळतात. मला वाटतं ते सांगावेत. लस योग्य ताकदीची करणं किती जोखमीचं काम होतं, हे त्यातूनच कळतं.

त्याच वर्षी ते पॅरिसला गेले. जर्मनीत कॉख यांनी त्यांच्या कामाला थंडा प्रतिसाद दिला होता. पाश्चर यांनी मात्र नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. पुढची अठ्ठावीस वर्षं, मरेपर्यंत, ते तिथेच राहिले.

पेशी की रस?

मग वीस वर्षांचं भांडण चाललं. जर्मन शास्त्रज्ञांचं म्हणणं, जंतूंना मारतो तो रक्तातला पाण्यासारखा भाग, त्यातली द्रव्यं. मेचनिकॉफ यांचं म्हणणं, पेशी. जर्मनांकडे पुरावाही भक्कम होता. घटसर्पावर रक्तातल्या द्रवाने उपचार करून पोरं वाचत होती. मेचनिकॉफ प्रत्येक आक्षेपाला नव्या प्रयोगाने उत्तर देत राहिले. परिषदांमध्ये ते फार तापून बोलायचे.

शेवटी दोघांचंही खरं निघालं. १९०३ मध्ये इंग्लंडात राइट आणि डग्लस यांनी दाखवलं, की रक्तातली काही द्रव्यं जंतूंना चिकटतात आणि मग पांढऱ्या पेशी त्यांना पटापट गिळतात. जेवणाला फोडणी दिल्यासारखं. १९०८ चं वैद्यकातलं नोबेल पारितोषिक दोन्ही बाजूंना वाटून दिलं गेलं, पेशीवाल्या मेचनिकॉफ यांना आणि द्रव्यवाल्या पॉल एर्लिख यांना. त्याच डिसेंबरात भूकंपाने मेसिना गाव जमीनदोस्त झालं. ज्या गावाने नाव दिलं ते गाव सन्मानाच्याच महिन्यात गेलं.

आज काय माहीत आहे

आपण लॅबमध्ये रक्त देतो तेव्हा रिपोर्टवर पांढऱ्या पेशींचा आकडा येतो. मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,००० असतात, त्याही रक्ताच्या एका अगदी बारीक थेंबात, एका मायक्रोलिटरमध्ये. त्यांतल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल. हे पहिल्या फळीतले शिपाई. हाडांच्या मगजात तयार होतात. जखम झाली की तिथून सुटणाऱ्या रसायनांच्या मागाने येतात, केशवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, जंतूला गिळतात, आत कोंडून जहाल रसायनांनी मारतात आणि त्यात बहुतेक स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच प्रेतं.

मागून मॅक्रोफेज येतात. हे नाव मेचनिकॉफ यांनीच दिलेलं. ते जंतूही खातात आणि मेलेल्या पेशींचा राडाही साफ करतात. शिवाय खाल्लेल्या जंतूचे तुकडे लिम्फोसाइट नावाच्या पेशींना दाखवतात. मग काही लिम्फोसाइट त्या जंतूविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतात, काही रोग लागलेल्या पेशींनाच मारतात, आणि काही आठवण धरून मागे राहतात. लस काम करते ती याच आठवणीवर.

परळपर्यंतचा धागा

आता आपल्याशी नातं. ओडेसात मेचनिकॉफ यांचा एक विद्यार्थी होता, वाल्देमार हाफकिन. मास्तरांच्या मागोमाग तोही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला, सुरुवातीला ग्रंथालयात काम करत. १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन तो हिंदुस्थानात आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पेटला. हाफकिनने मुंबईत बसून प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा पुढे परळला गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. पोलिओचे डोस आणि सर्पदंशाची लस यांमुळे हे नाव आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचलेलं आहे. त्या नावामागे मास्तर म्हणून मेचनिकॉफ उभे आहेत, हे किती जणांना ठाऊक?

दही आणि शेवट

म्हातारपणी मेचनिकॉफ यांना वाटू लागलं की मोठ्या आतड्यातले सडवणारे जंतू माणसाला लवकर म्हातारं करतात, आणि आंबवलेल्या दुधातले जंतू त्यांना आवर घालतात. बल्गेरियातल्या दह्याचं त्यांनी इतकं कौतुक केलं की युरोपभर दह्याचं वेड लागलं. स्वतः रोज आंबवलेलं दूध घ्यायचे. यातलं सगळं खरं ठरलं नाही. मोठं आतडं निरुपयोगी आहे, हे त्यांचं मत तर चुकीचंच होतं. पण पोटातल्या चांगल्या जंतूंकडे लक्ष वळवलं ते त्यांनी. आपल्या घरी विरजण कधी थांबलंच नव्हतं, ती गोष्ट निराळी.

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं. संस्थेतली तरुण पोरं लढाईवर गेली, प्रयोगशाळा ओस पडली. त्यांचं हृदय थकलं होतं. १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये, एकाहत्तराव्या वर्षी ते गेले. आपल्या देहाची तपासणी करा, आतडी नीट बघा, असं त्यांनी सहकारी डॉक्टरला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवली आहे.

जाता जाता

माझ्या वडिलांना साखर आहे. तीन वर्षांपूर्वी पायात काटा मोडला. ठणकलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही, आम्ही बघितलं नाही. आठ दिवसांनी वास आला तेव्हा दवाखान्यात नेलं. एक बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी समजावलं, साखर वाढलेली असली की पायाची संवेदना जाते आणि पांढऱ्या पेशीही नीट लढत नाहीत. फौज असते, पण पाय उचलत नाही.

म्हणून एवढंच सांगतो. काटा लागला तर काढा, साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका. घरात साखरेचं माणूस असेल तर रोज संध्याकाळी त्याचे तळपाय बघा. सर्दी-पडशाला स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, विषाणूवर ते चालत नाही. आणि सूज वाढत चालली, लाली वर सरकली, थंडी वाजून ताप भरला, तर मात्र घरी बसू नका. आतली फौज हरतेय, तिला बाहेरून कुमक लागतेय, असा तो निरोप आहे.

बाकी यंदा मेटारायझियम टाकताना ओल बघून टाका.